बिनातिकिटाचं विमान

भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात तो माझ्या सायकलवर येऊन आदळला, तेही पुस्तक वाचता वाचता! माझी वांगी रस्ताभर झाली.

"चूक माहीच... तुमी उजवीकडून आल्या. वाट मीच द्याले पाह्यजे होती. विमानाचा नियम आहे."

"मी काय विमान दिसून राहिली तुमाले?"

त्यानं नीट पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. वांगी मात्र एकेक वेचून दिली.

विजयकुमार. पोलाद कारखान्यात इंजिनिअर, सुट्टीत नागपूरच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकायचा. मला आकाशातून भिलाई पाहायची होती—आणि खरं सांगते, त्याच्याच शेजारी बसून. पण विचारलं की नियम!

"आता शिकाऊ लायसन आहे. एकट्यानंच उडा लागते."

सहा महिने थांबले. खासगी लायसन मिळालं, तर नवी यादी. ढगात शिरता येत नाही, रात्री नेता येत नाही, भाडं घेता येत नाही...

"श्वास तरी घेता येते का?" मी वैतागले.

"तुमी अशा पाहून राहिल्या तर... नाही."

तेवढ्यात कारखान्यानं त्याला वर्षभरासाठी रशियाला पाठवायचं ठरवलं. हातात एकच रविवार उरला. त्या दिवशी क्लबचं विमान इथल्या धावपट्टीवर येणार होतं. तो परवानगी मागायला घरी आला. माझे बाबा, पंजाबराव, दुर्ग स्टेशनवर तिकीट तपासनीस.

"भाडं किती?" बाबांचा पहिला प्रश्न.

"घेता येत नाही, काका. लायसन जाईन."

"मंग फुकट? सव्वीस वर्षं बिनातिकिटवाले उतरवून राहिलो मी. अन् माही पोरगी बिनातिकिट जाईन?"

एकाला घेता येईना, दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडेना. तीनदा चहा झाला. माझं डोकं फिरलं. मी किटली आपटली.

"बाबा, आई कोणत्या तिकिटावर फिरते?"

"तिले पास आहे. रेल्वेवाल्याची बायको—"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग विजयकुमारकडे. मी बोलून गेले होते खरी... आता कुठं बघू?

विजयकुमारनं कप खाली ठेवला. "काका, पास चालत असंन तर... मले कांताले पास द्याचा आहे. जन्मभराचा."

बाबांनी त्याला बराच वेळ तपासलं.

"पासावर तारीख लागते," ते म्हणाले. "रशियाच्या आधीची टाक."

शनिवारी साखरपुडा झाला. रविवारी उडालो. खाली कारखान्याच्या भट्ट्या एवढ्या एवढ्याशा... मी हळूच त्याच्या हातावर हात ठेवला.

"कांता, नियमात असं आहे की..."

"चूप बसा!" मी म्हटलं, आणि हात काढला नाही.