पाणीचोराची वकील

हातखंब्याला एसटी थांबली आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. जणू आत तान्हं बाळ झोपलंय! वळणावर बस कलंडली आणि माझ्या पांढऱ्या साडीवर काहीतरी गार सांडलं. पिवळट... उग्र वासाचं.

"अहो, काय हे?"

"सॉरी! पाणी आहे." बाटलीचं बूच आवळताना त्याचे कान लाल झाले. "आमच्या कारखान्यातलं. खाडीत सोडतात ते. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात दाखवायला नेतोय... हाताला लागलं का? उतरल्यावर आधी धुवा हं."

स्टँडवरच्या नळाशी मी हात धुवेपर्यंत तो हलला नाही. नाव स्वरूप, कारखान्यात केमिस्ट.

"मी हेमा. वकील आहे," मी म्हटलं.

"अरे वा, ओळख झाली ते बरं झालं," तो हसला. छान हसायचा.

दिवाळीनंतर तो खरंच माझ्या ऑफिसच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली. त्याने तक्रार केली होती आणि त्याचं नाव प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसातूनच कंपनीपर्यंत पोचलं होतं. नोकरी गेली, वर पोलिसात फिर्याद.

"कसली?"

"चोरीची. कंपनीचं पाणी चोरलं म्हणून."

मी खळखळून हसले. तोही हसला, मग म्हणाला, "गंगुबाई म्हणून एक आहे. खाडीत कालवं काढते. तिने मला हात दाखवले, नुसते फोड. मला ठाऊक होतं ते कशाने आलेत. मग... गप्प कसा बसणार?"

त्या क्षणी मी वकीलपत्र घेतलं. आणि बहुतेक त्याच क्षणी आणखीही काहीतरी घडलं — पण ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. समोर बसलेला माणूस माझा अशील होता.

तो मात्र काही ना काही निमित्त काढून यायचा.

"पुढची तारीख कधी, वकीलबाई?"

"परवाच सांगितली की!"

"ती कोर्टाची. मी मांडवीच्या किनाऱ्यावर चहा प्यायच्या तारखेबद्दल विचारतोय."

"ती तारीख निकालानंतर," मी मान वर न करता म्हणायचे. तो गेला की मात्र खिडकीतून दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे.

२००४ च्या एप्रिलमध्ये एक दिवस तो पेपर घेऊन धावतच आला. सरकारचा नवा ठराव निघाला होता. गैरकारभार उघड करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, त्याला त्रास होऊ द्यायचा नाही!

मी वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"स्वरूप, हा ठराव केंद्र सरकारच्या कारभारापुरता आहे. खासगी कंपनीतल्या माणसासाठी..."

"काहीच नाही?"

"अजून तरी नाही."

"म्हणजे खरं बोलायचं तरी सरकारी नोकरी हवी," तो म्हणाला. हसण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. मी टेबलावरून हात पुढे केला... आणि पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. तेवढंच.

खटला उभा राहिला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. कंपनीचे मॅनेजर साक्षीला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कडक आवाज.

"हे पाणी कंपनीच्या मालकीचं होतं?" मी विचारलं.

"अर्थात!"

"पाइपमधून खाडीत पडतं, तेच ना हे?"

त्यांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. हो म्हणावं तर खाडी कोणी नासवली ते कबूल, नाही म्हणावं तर चोरी कसली?

"ते... टाकाऊ पाणी आहे."

"टाकून दिलेलं? मग ते तुमचं कसं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकावर बसलेली गंगुबाई मोठ्याने म्हणाली, "बरा इचारलान पोरीनं!" तिला गप्प बसवताना शिपायालाच हसू फुटलं.

स्वरूप निर्दोष सुटला. लबाडीचा हेतूच नव्हता, असं निकालात म्हटलं. पण नोकरी परत मिळाली नाही. बाकीच्या कारखान्यांनीही दारं लावून घेतली. पाइप तेवढा बंद झाला.

संध्याकाळी मांडवीवर आम्ही चहा घेतला. पाऊस उघडला होता, समुद्र अजून गढूळ होता.

"मंडणगडच्या शाळेत अर्ज केल्याचं सांगितलं होतं ना? तिथे विज्ञान शिकवायला बोलावलंय," तो म्हणाला. "सोमवारी जायचंय."

"म्हणजे खरंच जाणार, एवढ्या लांब?"

"हं. डोंगरातलं गाव. तिथे कोर्टसुद्धा नाही." तो कपाकडे बघत राहिला. "तुम्हाला बरंच काही सांगायचं होतं. पण तुमची इथे वकिली चांगली चाललीय... माझं हे असं. राहू दे."

मी कप खाली ठेवला. इतके महिने आवरून धरलेला हात पुढे केला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"स्वरूप, आजपासून मी तुझी वकील नाही."

त्याने चमकून वर पाहिलं. त्याचे कान लाल होत गेले.

"आणि मंडणगडला कोर्ट नसेल," मी म्हटलं, "शेजारच्या दापोलीला आहे. मी चौकशी केलीय."