नव्या अप्पांची वाटी

“रेणू! तोंड उघड… उघड म्हणते ना! बी गिळलीस?”

अंधार असा की शिवकन्येला स्वतःचा हात दिसेना. पुंडलिकनगरातली लाइट नेहमीसारखी ऐन मालिकेच्या वेळेला गेली होती. अख्खी गल्ली इन्व्हर्टर असलेल्या वच्छलामावशींच्या घराकडं निघाली होती. आणि मावशींच्या पायरीवर ठेवलेल्या टोपलीतलं सीताफळ पोरीनं कधी उचललं अन् कधी फोडलं, हे आईला कळलंच नव्हतं. तिनं रेणूला गुडघ्यावर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारायला लागली. 

“अहो, मारू नका तिला! बी नाय गिळली.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझ्याच हातावर थुंकली की…”

मावशींनी दार उघडलं. उजेडाची पट्टी पायरीवर पडली, आणि तिथं उकिडवा बसलेला तरुण दिसला. तळहात पुढं केलेला, त्यावर ओली, काळीभोर, चकाकती बी. तोंड गंभीर, हसत होते ते फक्त डोळे.

“घ्या. पुरावा.”

शिवकन्येला लाजावं की रडावं कळेना. पदर सावरत ती पुटपुटली, “मला वाटलं… घशात अडकली.”

“वाटणारच. पण तुमच्या थापट्या ऐकून मीच घाबरलो होतो.”

तो बद्रीनाथ, मावशींचा भाचा. दौलताबादला घरचं शेत, सीताफळाची बाग. गारखेड्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान. दर गुरुवारी टोपलीभर सीताफळं घेऊन यायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायचा आणि ‘भोंगळे निवास’ बघून जायचा.

‘भोंगळे निवास’ ही दर गुरुवारी लागणारी मालिका म्हणजे त्या वर्षी साऱ्या गावाला लागलेलं वेड. विसरभोळे अप्पा भोंगळे, त्यांची कजाग बायको, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू… गल्ली अर्धा तास नुसती खिदळायची. पण दसऱ्याच्या आधी घोटाळा झाला. अप्पांचं काम करणारे मोहन कुंटूरकर मालिका सोडून गेले आणि त्यांच्या जागी हेमंत वैराळकर आले. तीच मिशी, तेच धोतर, माणूस वेगळा. झालं! गल्लीत उभी फूट. जुन्या अप्पांची माणसं नव्यांच्या माणसांशी नळावर धड बोलेनात.

शेवटी मावशींनीच तोड काढली. टीव्हीखाली दोन वाट्या ठेवल्या. जुन्या अप्पांची पितळी, नव्यांची स्टीलची. मालिका संपली की ज्यानं-त्यानं खाल्लेल्या सीताफळाची एकच बी आपल्या वाटीत टाकायची. मग मावशी निकाल सांगायच्या. दर खेपेला पितळी वाटी जिंकायची.

शिवकन्येची बी पितळीतच पडायची. दोन बिया पडायच्या खरं तर. सासूबाईंचे, साळूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांचीही तीच टाकायची. सासूला ती आत्याबाई म्हणे. “जुनं ते जुनंच, शिवा. गेलेल्या माणसाची सर येती का कुणाला?” असं आत्याबाई म्हणायच्या, आणि दोघींची नजर एकमेकींना चुकवायची. त्यांचा लेक, शिवकन्येचा नवरा, वाळूजच्या रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा रेणूला नीट बसताही येत नव्हतं. आता ती आईच्याच बालवाडीत यायची. तेव्हापासून शिवकन्येची नजर पोरीवरून हलली नव्हती. पोरगी खोकली की ताप बघायचा. पोरगी हसली तरी… कशाला इतकं हसते, आता रडेल, अशी हुरहुर.

एका गुरुवारी बी टाकून ती ओट्यावर आली, तर तो खांबाला टेकून उभा.

“एक विचारू का, मॅडम? बालवाडीत मॅडमच म्हणत असतील ना?”

“बाई म्हणतात.”

“मग बाई… मत जुन्याला टाकता, अन् हसता मात्र नव्यालाच. हे कसं काय?”

“मी? छे! मी कुठं हसते?”

“पदर तोंडावर घेता. खांदे हलतात ना पण…”

कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. “तुम्ही टीव्ही बघायला येता का दुसऱ्यांचे खांदे?”

“जाहिराती फार असतात हो,” तो साळसूदपणे म्हणाला.

पुढच्या गुरुवारी रेणूसमोर एक वेगळी वाटी आली. बिया काढून ठेवलेला सीताफळाचा गर, नुसता पांढराशुभ्र.  शिवकन्येनं चमच्यानं सगळा गर चाचपून पाहिला, दोनदा. एक बी सापडली नाही. मान वर केली, तर पलीकडून तो बघत होता… आणि तिनं त्या रात्री कितीतरी दिवसांनी आरशात स्वतःकडं नीट पाहिलं. मग घाबरून आरसाच पालथा घातला.

कारण पोरगी त्याच्या खांद्यावर चढायला लागली होती. ‘बद्रीकाका’ म्हणून पायरीवरूनच हाका मारायची. हे वाढलं आणि उद्या तुटलं, तर रडणार कोण? गल्ली काय म्हणेल? आत्याबाई काय म्हणतील? आणि सगळ्यात वाईट म्हणजे… गुरुवार आला की ती स्वतःच सकाळपासून कोणतं पातळ नेसावं याचा विचार करत असे.

मग तो गुरुवार आला. जाहिराती लागल्या, मावशींनी आवाज बंद केला आणि भांडण जुंपलं. गल्लीतले कडूबाकाका नव्या अप्पांची बाजू घेऊन तावातावानं बोलत होते. तेवढ्यात रेणूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मम्मी, त्यांच्याकडं नवे अप्पा आले. आपल्याकडं पण नवे पप्पा येतात का?”

 आत्याबाई खाली मान घालून जपमाळ चाचपायला लागल्या. शिवकन्येला वाटलं, आत्ता लाइट जावी, इन्व्हर्टर जळावा, काहीही व्हावं. तेवढ्यात बद्रीनाथ बोलला. घाईघाईनं, विषय बदलायला असेल, पण बोलला.

“मला तर नवे अप्पा पटतच नाय, काका. एकदा माणूस मनात बसला की त्याच्या जागंवर दुसरा चालत नसतो. बघवत नाय.”

आणि उठून त्यानं बी पितळी वाटीत टाकली. टण्ण.

तो आवाज तिच्या काळजात वाजला. बरं झालं, तिनं स्वतःला सांगितलं. वेळेवर कळलं. रेणूला कडेवर घेऊन ती मालिका संपायच्या आत घरी आली.

पुढचे गुरुवार ती गेली नाही. डोकं दुखतंय, रेणूला सर्दी आहे, असली कारणं. आत्याबाई एकट्या भिंत धरून जायच्या, परत यायच्या. काही विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. रेणू अंधारात दाराशी बसून गल्लीतलं हसणं ऐकायची.

एका दुपारी बालवाडी सुटली. फाटकाशी बुचाचं झाड, खाली पांढऱ्या फुलांचा सडा, वास असा की जीव कासावीस व्हावा. आणि झाडाखाली तो, हातात पिशवी.

“सर्दी बरी झाली का रेणूची?”

“झाली.”

“अन् तुमचं डोकं?”

ती चालायला लागली. रेणू फुलं वेचत मागं राहिली, म्हणून पुन्हा थांबावं लागलं.

“माझं काय चुकलं, तेवढं सांगा,” तो म्हणाला. “मग नाय येणार.”

“तुमचं काय चुकणार? तुम्ही तर सगळ्यांसमोर स्पष्टच सांगितलंत… दुसरा चालत नसतो म्हणून.” तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. “बरोबरच आहे. आम्हालाच कळायला पाहिजे होतं.”

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग कपाळावर हात मारला.

“अहो बाई… वैराळकर नट चांगलाच आहे. मला राग कशाचा, तर तो कुंटूरकरांचीच मिशी लावतो, त्यांच्यासारखाच खोकतो, त्यांच्याच खुर्चीत बसतो. कशाला? गेलेल्याची जागा गेलेल्याची राहू द्यावी. नव्यानं आपली सतरंजी वेगळी टाकावी.” तो थांबला. फुलं टपटप पडत होती. “रेणूच्या पप्पांचा फोटो जिथं आहे तिथंच राहू द्या. मला शेजारी खिळा नको. इतक्यात तर नकोच…”

तिला हसू आलं. तिनं पदर वर नेला. पण पदर अर्ध्यातच थबकला.

“…मला फक्त तुमच्या दारात चप्पल काढायपुरती जागा पाहिजे. असली तर.”

 रेणू रस्त्याकडं जात नाही ना, ते तिनं पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मला फार भीती वाटते हो. सगळ्याचीच.”

“माहितीये. पहिल्याच दिवशी ऐकल्या मी तुमच्या थापट्या.”

“आत्याबाईंना काय सांगू?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा. मी थांबतो.”

“किती दिवस?”

“सीताफळं संपली तर पेरू येतील की.”

त्या गुरुवारी शिवकन्या गेली. मालिका कशी संपली, तिला काही कळलं नाही. मुठीत दोन बिया होत्या. एक बी आत्याबाईंची, एक तिची. ती उठली. टीव्हीपर्यंतच्या त्या चार पावलांत तिला साऱ्या गल्लीचे डोळे पाठीवर जाणवत होते. आत्याबाईंची बी पितळीत टाकली. मग हात हलेना… आणि मग हलला. स्टीलच्या वाटीत आपली बी पडली.

 मावशींनी चष्मा पुसला.

“शिवा,” खाटेवरून आत्याबाईंचा आवाज आला. “माझी कुठं टाकलीस?”

“पितळीत… नेहमीसारखी.”

“इचारलं व्हतंस का मला?”

“नाही, आत्याबाई.”

“मग काढ. तिकडं टाक, तुझ्या बीपाशी.” म्हातारीचं बोलणं खणखणीत. “पोरगी अंधारात दाराशी बसून राहती. मला दिसत नाय व्हय?”

शिवकन्या पितळी वाटीत बघतच राहिली. सगळ्या बिया एकसारख्या काळ्या. “आत्याबाई, तुमची कोणती, कळत नाही…”

“कोणतीबी काढ!”

“हे चालत नाय!” बद्रीनाथ दारातून ओरडला. “पडलेलं मत फिरवता येत नसतं, साळूमावशी! मी अजून पितळीवालाच आहे!”

“तू गप रं. आधी दारातली तुझी चप्पल बघ, उलटी पडलीय. सुलटी कर. उलटी राहिली की घरात भांडणं व्हत्यात.”

तो वाकला, चप्पल सुलटी केली, आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, “कोणाच्या घरात, साळूमावशी?”

आत्याबाई जपमाळ ओढायला लागल्या. शिवकन्या हसली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, पदर खांद्यावरच राहिला होता. मग एकदम आठवण होऊन तिनं रेणूकडं धाव घेतली.

“तोंड उघड बघू… बी नाही ना गिळलीस?”