कोरी बाटली

वासाची परीक्षा तशी सोपी असते. टेबलावर झाकणाच्या छोट्या बाटल्या, समोर खुर्चीत माणूस, त्याच्या डोळ्यांवर पट्टी. एकेक बाटली नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "काय वाटतं?" कॉफी, साबण, लिंबू, रॉकेल. मधेच कुठेतरी एक कोरी बाटली, म्हणजे नुसतं उकळून गार केलेलं पाणी. उगाच मान डोलावणारा तिथे बरोबर सापडतो.

तापाची साथ ओसरून बरीच वर्षं झाली होती, पण जाताना ती कित्येकांचं नाक घेऊन गेली होती. ते परत का येत नाही, आलं तर अर्धवट का येतं, हे शोधायचं काम डॉक्टरबाईंकडे होतं. त्यांचं स्वतःचं नाकही त्याच तापात गेलं होतं. "नाक गेलेल्या बाईला नाकाचं खातं दिलंय," असं त्या स्वतःच हसून सांगत, त्यामुळे दुसऱ्या कोणाची तसं म्हणायची सोय उरली नव्हती.

त्याच तापात त्यांचा नवराही गेला. शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दाढेत कायम लवंग, बोटांना मशीनचं तेल, आणि उठायचं झालं की गुडघ्यावर थाप मारून "चला" म्हणायची सवय. त्याचा स्वेटर बाईंनी न धुता जाड पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद करून ठेवला होता. आपलं नाक परत आलं की उघडायचा. त्याआधी उघडला तर वास हवेत उडून जायचा आणि आपल्या हाती काहीच लागायचं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी हातची राखून ठेवली होती.

सुरुवात एका निवृत्त बसड्रायव्हरपासून झाली. बाईंनी कोरी बाटली धरली.

"लवंग," तो म्हणाला.

लोक अंदाज मारतातच. बाई गालातल्या गालात हसल्या. मग गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या आणि त्याच पाण्यावर म्हणाल्या, "लवंग... आणि शिलाई मशीनचं तेल. आमच्या आईकडे मशीन होतं ना!"

डॉक्टरबाईंच्या काळजात चर्र झालं.

पण बाई शास्त्र मानणाऱ्या. आधी त्यांनी पाणी बदललं, मग बाटल्या बदलल्या, मग खोलीच बदलली. ज्याला ताप कधी आलाच नव्हता त्या सहायकाला हुंगायला लावलं. "पाणी आहे हो मॅडम, पाण्याला कसला आलाय वास?" ताप येऊन गेलेला मात्र जो तो तेच सांगे. एकीने तर वर भर घातली, "लोकर आहे बघा. कोणाच्या तरी अंगातला स्वेटर. चांगला माणूस असणार."

बाईंना खरं तर भीती वाटायला हवी होती. त्यांना हेवा वाटला. सगळ्या जगाला त्याचा वास येतोय आणि मलाच नाही, या विचाराने त्या रडकुंडीला येत. तरी बाटली पुढे करत राहिल्या. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, तो रोज थोडासा भेटत होता.

पुढच्या फेरीला ड्रायव्हर पुन्हा आला. बराच वेळ हुंगत राहिला.

"मागच्यापेक्षा कमी झालाय. संपत आलाय बहुतेक."

"काय संपत आलंय?"

"ते मला काय ठाऊक, बाई? बाटली तुमची."

बाई तशाच उठून घरी गेल्या. नणंद गॅसवर दूध ठेवून भाजी निवडत बसली होती. बाईंनी कपाटातून पिशवी काढली. चिकटपट्टी जागची हललेली नव्हती. त्यांनी कात्री लावली आणि स्वेटर पुढे धरला.

"वन्सं, जरा वास घेऊन बघा ना."

नणंदेने भावाचा स्वेटर तोंडाशी नेला, उलटा करून पुन्हा नेला.

"धुतलास कधी?"

"कधीच नाही."

"मग असा कसा? नुसती लोकर आहे गं. दादाचं काहीच नाही यात."

आता बाईंच्या ध्यानात आलं. कोरी बाटली प्रत्येकाच्या नाकाखाली धरून धरून त्यांनीच त्याचा वास वाटून टाकला होता. हुंदका दाबताना त्यांनी श्वास आत ओढला, आणि मान वर केली.

"वन्सं, दूध करपलं."

ओट्यावर खरंच दूध करपत होतं. नणंदेने धावत जाऊन गॅस बंद केला. "तुला वास आला?" मग बाईंनी स्वेटर स्वतःच्या नाकाशी नेला.

लोकर. फक्त लोकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर गेल्या. बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरलेल्या होत्या. ड्रायव्हर होता, गाण्याच्या बाई होत्या, सगळे नेहमीचेच. बाईंनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकल्या.

लवंग. मशीनचं तेल. अंगातली ऊबदार लोकर.

त्या पहिल्या खुर्चीजवळून गेल्या. मग दुसऱ्या. वास कुठेच कमी झाला नाही.

प्रत्येकाच्या अंगाला तोच वास होता.

बाईंच्या तोंडून रोजचंच वाक्य निघालं.

"पुढचं कोण?"

सगळ्यांनी एकदम गुडघ्यावर थाप मारली.

"चला."