डाव्या बाजूची सवारी

बस, अरविंद. लाइट येईपर्यंत कंदील लावतो. जुनी मोटार घेतोयस म्हणे? घे की. मला बरोबर ने. इंजिन, चॅसी, पाटे, सगळं पाहून देईन. लोखंड खोटं बोलत नाही. पण गाडी कोणाची होती, तिच्यात काय काय घडलं, हे आपल्याला माणसांकडूनच कळतं. तिथं मी एकदा फसलो. आणि गंमत अशी, की ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं.

सन एकोणपन्नास. संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. झुंबरं, बंदुका, मोटारी, राजेलोकांचं काय काय विकायला निघालं होतं. मी लढाईची चार वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढून बऱ्हाणपूरला परतलो होतो आणि शनवारा वेशीपाशी पिंपळाखाली पोतं अंथरून लॉऱ्या दुरुस्त करत होतो. तुझी सुलभाकाकू नुकतीच नांदायला आली होती. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि पिंपळाखालीच माझ्यासमोर बसायची. हात काळे, पोट भरलेलं. मला आणखी काही नको होतं. एक पत्र्याची शेड मिळाली असती, तर बरं झालं असतं, एवढंच.

एक दिवस लीलाधरभाऊ आले. धूलकोटकडचे शेतकरी, केळीचा व्यापारही करायचे. शांत माणूस. त्यांच्या मंडळींना, मालूबाईंना, संधिवातानं चालता येत नव्हतं. बैलगाडीत बसलं की धक्क्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"सुधाकर, लालबागेत त्या संस्थानच्या बंगल्यात एक मोटार विकायची आहे," ते म्हणाले. "मले त्यातलं काही समजत नाही. तू पाहून घे. मले फक्त येवढं सांग, तिच्यात माझ्या मालूले बसवू का नको? तू हो म्हटलं की पक्की बात. मग गाडी तूच चालवशील, आणि माझ्या इथल्या जागेवर तुले शेड बांधून देतो."

मी दुसऱ्याच दिवशी सायकलवर पाने-पकडी टाकून निघालो.

बंगला स्टेशनच्या पलीकडे, आंब्यांच्या झाडीत. संस्थानचे लोक रेल्वे पकडायला आले की तिथं उतरायचे. आता तिथं एकटा रखवालदार होता, दगा नावाचा, साठीचा, बोलका माणूस. त्यानं गाडीखान्याचं दार ढकललं आणि मी पाहतच राहिलो. सन एकोणतीसची अमेरिकन मोटार. सहा सिलिंडर, गडद हिरवा रंग, कापडी टप, पितळी दिवे. धुळीतसुद्धा एखाद्या घरंदाज बाईसारखी उभी.

कागदावरचा इंजिन नंबर ताडून पाहिला. जुळला. चॅसीला कुठं जोड नव्हता, लाकडी सांगाड्याला कीड नव्हती. प्लग साफ केले, नवी बॅटरी जोडली, हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन असं हळू बोलायला लागलं, की मला हसूच फुटलं.

मग मी चार पावलं मागं सरलो आणि पाहिलं. गाडी मागून डावीकडे झुकली होती.

जुन्या गाडीत स्प्रिंगचा पाटा बसतोच. मी खाली शिरलो. डाव्या पाट्याची एकेक पट्टी बोटानं चाचपली. तुटलेली नाही, दबलेली नाही. तरी जॅक लावून डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. त्यात अख्खी दुपार गेली. जॅक काढला.

गाडी सावकाश खाली आली, आणि पुन्हा डावीकडेच झुकली.

मी परत खाली शिरलो. गाडीखान्यात उजेड कमी होता. बाहेर आंब्यात एक होला घुमत होता, तोही थांबला. आणि माझ्या तोंडापासून एका वितीवर असलेला तो डावा पाटा... करकरला. जरासा दबला. परत वर आला. बराच वेळ एकाच जागी बसलेलं माणूस मांडी बदलतं ना, अगदी तसा.

"दगाभाऊ," मी खालूनच हाक मारली, "गाडीत बसू नका."

दगाचा आवाज दारातून आला. "मी इथं उभा हाय, मिस्तरी."

मी बाहेर आलो. मागची सीट रिकामी होती. उजवी गादी फुगीर, भरलेली. डावी खोल बसलेली. वर वास होता, बंद विहिरीवरचं झाकण काढल्यावर येतो तसा. मी गादीवर हात टेकवला नाही. का, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जिनिंगवर नेली. तिथं कपाशीच्या बैलगाड्या तोलायचा मोठा काटा होता. संस्थानच्या कागदावर मोटारीचं वजन लिहिलेलं होतं. काटेवाल्यानं मला खाली उतरायला लावून दोनदा तोललं, काटा तपासून तिसऱ्यांदा तोललं. प्रत्येक वेळी दीड मण जास्त. "आत काही राहिलंय का?" त्यानं विचारलं. मी गाडीभर पाहिलं. काही नव्हतं.

आता मोठी पंचाईत झाली. इंजिन सोन्यासारखं. हो म्हटलं की शेड माझी, गाडी माझ्या हाती. काकूला दिवस गेल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं. पण लीलाधरभाऊंनी एकच गोष्ट विचारली होती, आणि मालूबाई बसणार त्या मागच्या सीटवरच.

मी दगाला गाठलं. विडी दिली. "खरं सांगा. या गाडीत काय झालं?"

त्यानं दोन झुरके घेतले. "मी पाच वर्साखाली इथं लागलो, भाऊ. मी काही पाह्यलं नाही. पण लोक सांगतात... धाकट्या बाईसाहेब लई आजारी होत्या. रेल्वेनं मुंबईले नेणार होते. या गाडीत घातलं, आणि वाटेतच..." त्यानं हात हलवला. "पोहोचलो, उतरा, असं त्यायले कोनी म्हटलंच नाही. मंग त्या कशा उतरतीन? बसल्या हायेत बिचाऱ्या."

ऐकून माझी भीती अर्धी गेली. खरंच सांगतो. वीस-बावीस वर्षांची पोर, आजारी, अजून वाट पाहतेय कोणी दार उघडेल म्हणून. मला तिची दया आली. सुलभाला सांगितलं, तर तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "अहो, मग तुम्ही उतरवा ना तिला. त्यात काय एवढं?"

त्याच दिवशी दिवेलागणीला मी गाडी तापीच्या राजघाटावर नेली. दगा पुढं माझ्याशेजारी बसला होता. मागं वळून पाहायची दोघांचीही हिंमत नव्हती. वाटेत खड्डा आला की डावा पाटा करकरायचा आणि दगा डोळे मिटायचा.

तापीला पाणी कमी होतं. घाटावर कोणी नव्हतं. पलीकडे जैनाबादच्या अंगाला एकदोन दिवे लागले होते. मी इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं, की तापलेलं लोखंड थंड होताना टिक टिक करतं ना, तेवढंच ऐकू येत होतं. मी फिरून डावीकडे गेलो. मागचं दार उघडलं आणि सासरच्या थोरल्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणालो,

"बाईसाहेब... पोहोचलो. उतरा."

काही नाही.

"सावकाश उतरा... घाई नाही."

मग गादी सुस्कारली. आतला काथ्या हळूहळू फुगत वर आला. माझ्यासमोरचा फूटबोर्ड दबला, मोकळा झाला. आणि पाटा एकेक पट्टी सुटावी तसा उलगडत गेला... गाडी सरळ उभी राहिली. माझ्या उजव्या हाताला, दंडाजवळ, ओलसर गारवा लागला आणि गेला.

दगा रडत होता. मी दार लावून घेतलं. काय वाटलं सांगू? उशिरा आलेल्या पाहुण्याला घरी नीट पोहोचवून यावं, तसं वाटलं. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी पुन्हा काटा. वजन कागदाबरहुकूम. डावी गादी उजवीसारखी भरलेली. लीलाधरभाऊंना म्हणालो, "खुशाल बसवा वहिनींना."

मालूबाई पहिल्यांदा गाडीत बसल्या तो दिवस मी विसरणार नाही. धूलकोटची वाट, दोन्हीकडे कापूस फुटलेला. वाटभर त्या शेतं पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सुधाकर, काहीच दुखलं नाही रे." पदरानं डोळे पुसले आणि खळखळून हसल्या. तेव्हापासून डावी जागा त्यांची. खकनारला भाचीच्या लग्नाला गेल्या, पाच वर्षांत भेटल्या नव्हत्या त्या बहिणीला तुकईथडला जाऊन भेटल्या. माझी शेड उभी राहिली. सुमन जन्मली. मी रोज त्या गाडीचं पितळ घासायचो आणि शीळ घालायचो.

सुमन रांगायला लागली तेव्हा, माघ महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, शेडपुढं टांगा थांबला. एक बाई उतरल्या. पांढरं रेशमी पातळ, चाळिशीच्या आतल्याच असतील, पण केस बरेच पिकलेले.

"स्टेशनवर कळलं, आमची मोटार इथं असते," त्या म्हणाल्या. "ओंकारेश्वरला निघालोय. गाडीला वेळ होता. वाटलं, एकदा पाहावी."

त्यांनी संस्थानचं नाव सांगितलं. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. "आपण म्हणजे... थोरल्या बाईसाहेब?"

"थोरल्या केव्हाच वारल्या. मी धाकटी."

मला लपवता येईना. सांगून टाकलं, की आपण याच गाडीत गेलात असं इथले लोक समजतात. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. "विषमज्वर होता," त्या म्हणाल्या. "मुंबईला नेलं, बरी झाले. मग माहेरी राहिले, इकडे फिरकलेच नाही. लोक काय, कोणालाही पोहोचवतात!"

त्या कौतुकानं गाडीभोवती फिरल्या. दिव्यांना हात लावला. "मी इकडे बसायचे. नेहमी उजवीकडे." मग त्यांची नजर डाव्या गादीवर गेली. मालूबाईंची उशी तिथं होती. बाईसाहेबांचं हसू थांबलं.

"इथं... कोणी बसतं?"

"आमच्या मालकीणबाई."

"बसता येतं त्यांना?" आवाज एकदम खाली आला होता. "मग... जे होतं, ते?"

मी सगळं सांगितलं. काटा, राजघाट, दिवेलागण. त्या ऐकत गेल्या आणि त्यांची बोटं मडगार्डवर आवळत गेली.

"दार तुम्ही उघडलंत? उतरा म्हणालात?"

"आपणच आहात असं समजून, बाईसाहेब."

"सात वर्षं मी त्याच्या शेजारी बसले," त्या म्हणाल्या. "कोण आहे, ते मामंजींनी कधी सांगितलं नाही. एवढंच बजावायचे, की त्याला उतरू द्यायचं नाही. गाडी विकायलाही ते तयार नव्हते. ते गेले, संस्थान गेलं... आणि कोणाच्या लक्षात राहिलं नाही."

टांगेवाला स्टेशनची वेळ झाली म्हणून हाका मारत होता. रस्त्यानं पोरं शाळेत चालली होती. लख्ख ऊन होतं. बाईसाहेब टांग्याशी गेल्या, पायरीवर पाय ठेवला, आणि तिथूनच वळून, कोणी ऐकू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"उतरल्यावर ते... नदीकडे गेलं, की गावाकडे?"

राजघाटावर मी मान खाली घालून दार धरून उभा होतो, अरविंद. मी पाहिलंच नव्हतं.