तिसऱ्या ताटलीतली चांदी

शाहिस्तानं तिसऱ्या ताटलीचा आकडा पुन्हा तपासला. तोच आला. दोन ग्रॅम.

चन्नाप्पांची ही शेवटची चाचणी. उद्यमनगरातल्या या प्रयोगशाळेत हुपरीच्या चांदीच्या कारखान्यांतली झाडलोटीची माती यायची. ती पाण्यात घोळायची, औषध घालायचं, खालून हवा सोडायची. चांदीचे कण फेसाला चिकटून वर येत. तो फेस पट्टीनं ओढायचा आणि दर मिनिटाला ताटली बदलायची. सहा मिनिटं, सहा ताटल्या.

गेल्या मंगळवारी चाचणी उरकून चन्नाप्पा कोसळले आणि गेले, असं त्यांचा जोडीदार बाळासो सांगत होता. तेव्हापासून मशीनपाशी एकटं थांबायला कुणी धजत नव्हतं. पट्टी घासल्याचा आवाज येतो म्हणे. शाहिस्तालाही दोनदा आला होता, खोटं कशाला बोला.

बसव्वा, चन्नाप्पांची बायको, रोज येऊन त्या मशीनसमोर बसायची. एकच विचारायची, "पोरी, जाताना त्येंच्याजवळ कोण हुतं?"

आज बसव्वा तिथं बसलेली असतानाच शाहिस्तानं बाळासोला आत बोलावलं.

"काका, मंगळवारी तुम्ही कुठं होता?"

"सांगितलंय की. चहाला गेलतो. आलो तर मशीन बंद, चन्नाप्पा पडल्याला."

"ताटल्या?"

"सहाच्या सहा भरल्याल्या. चाचणी अर्ध्यावर सोडणाऱ्यातला न्हवता त्यो."

हे मात्र खरं होतं. छत कोसळलं तरी पट्टी थांबवायची नाही, हा चन्नाप्पांचाच कायदा. मध्ये थांबलं की सगळी माती वाया, असं ते नव्या माणसाला दरडावून सांगत.

शाहिस्तानं कागद पुढं सरकवला. अडतीस, तेवीस, दोन, एकोणीस, पाच, तीन.

"फेसाला चांदी आधी भराभर लागते, मग वेग कमी कमी होत जातो. प्रत्येक ताटलीत आधीच्यापेक्षा कमीच यायला हवी. तिसरीत चौदाएक ग्रॅम, चौथीत आठ. इथं तिसरीत दोन आणि चौथीत एकोणीस."

"माती खराब आसंल."

"माती खराब असती तर चांदी परत चढली नसती. तिसऱ्या मिनिटाला पट्टी थांबली होती, काका. फेस वरच साचून राहिला. चौथ्या मिनिटाला कुणीतरी पट्टी उचलली आणि साचलेलं सगळं एकदम ओढलं." तिनं तिसऱ्या आकड्याला गोल केला. "चन्नाप्पाअण्णा तिसऱ्या मिनिटालाच पडले. पुढची तीन मिनिटं त्यांच्याशेजारी उभं राहून चाचणी कुणी पुरी केली?"

बाळासो भिंतीला टेकून खाली बसला.

"म्या केली," तो म्हणाला. "चहाला गेलोच न्हवतो. त्यो पडला, तोंडातनं शब्द फुटंना. हात वर करून घड्याळाकडं बोट दाखवाय लागला. मला वाटलं, चाचणी पुरी कर म्हणतोय. त्येचाच कायदा की. म्या पट्टी घेतली. सहा मिनिटं भरल्यावर वाकून बघितलं, तर बोट तसंच वर आन् डोळं थिजल्यालं."

"आणि खोटं का बोललात?"

"कुणाला सांगू? झोपलो की त्येचं बोट दिसतंय."

बसव्वा उठली. मशीनमागच्या भिंतीपाशी गेली आणि घड्याळावर हात ठेवला. मग तो हात वीतभर खाली सरकला, जिथं टेलिफोन टांगलेला होता.

"बाळासो," ती म्हणाली, "त्ये फोन कर म्हणत हुते रं."