पलीकडच्या वर्गातल्या मॅडम

हे वाचून झाल्यावर खाली 'स्टोरी छान आहे' असं लिहू नका. ही स्टोरी नाही. हे माझ्यासोबत घडलंय. माझ्यासोबत जी मैत्रीण होती तिचा अजून फोन येतो. कॉलेजचं नाव तेवढं सांगणार नाही.

गाव कळंब. जिल्हा धाराशिव. दिवाळीच्या आधीचे दिवस.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

मी शिवकन्या. बारावी सायन्सनं केली. मार्क कमी पडले म्हणून बी.कॉम.ला आले. वर्गातल्या बाकीच्यांनी अकरावी-बारावीला कॉमर्स केलेलं. त्यांना अकाउंट तोंडपाठ. सर फळ्यावर भराभर नोंदी लिहायचे आणि म्हणायचे, "हे तर तुम्हाला येतंच."

मला काहीच येत नव्हतं.

कुठलं खातं नावे, म्हणजे डेबिट करायचं, कुठलं जमा, म्हणजे क्रेडिट... सगळं डोक्यावरून जायचं. पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना मी पाच सांगितले. ते म्हणाले, "झेपत नसंल तर सांग, बाळ. उगं डोक्याला ताप करून घेऊ नगस."

झेपत नाही असं सांगितलं असतं तर पुढं काय होणार ते मला माहीत होतं. आमच्या भावकीतल्या दोघी तशाच घरी बसल्या, आणि वर्षाच्या आत दोघींची लग्नं उरकली.

आमच्या गावाची बस संध्याकाळी. कॉलेज दुपारीच सुटायचं. मधला वेळ मी मागच्या इमारतीत शेवटच्या वर्गात काढायचे. तिकडं कुणी फिरकत नसे. वर्गाच्या एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला अजून एक वर्ग. मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं.

त्या दिवशी लाईट गेली होती. पंखा बंद. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं.

मी पुस्तक उघडून बसले होते.

आणि पलीकडून आवाज आला...

खडूचा.

फळ्यावर कुणीतरी लिहीत होतं. सावकाश, दाबून. मग एक बाई बोलायला लागल्या. वयस्कर आवाज, शांत, कसलीच घाई नसलेला.

"धंद्यात फर्निचर आलं. जे येतं ते..."

त्या थांबल्या.

"नावे," मुलं एका सुरात म्हणाली.

"रोकड गेली. जे जातं ते..."

"जमा."

मी पेन उचललं.

खरं सांगते, त्या दुपारी मला पहिल्यांदा अकाउंट कळलं. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे सर दहा वेळा सांगून गेले होते. त्या मॅडमनी एकदाच सांगितलं. मालकानं दुकानातली साखर घरी नेली तरी दुकानाच्या दृष्टीनं तो परकाच. इतकं सोपं.

मग मी रोज जायला लागले. मॅडम कधी वाक्य पुरं करायच्या नाहीत. अर्ध्यावर सोडायच्या, आणि मुलं पुरं करायची. ज्युनिअरचा जादा तास असेल असं मी धरून चालले. त्यांना कधी जाताना-येताना पाहिलं नाही, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मला बस गाठायची घाई असायची.

दुसऱ्या चाचणीत वीसपैकी अठरा.

सरांनी वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं.

"क्लास लावलास का कुठं?"

"नाही सर. मागं पलीकडच्या वर्गात मॅडम शिकवतात ना, ते ऐकते."

"कोणत्या मॅडम?"

"अकाउंटच्या."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडं अकाउंटला मॅडम नाहीत. ज्युनिअरलाही नाहीत."

 त्या दिवशी मी एकटी गेले नाही. सृष्टीला घेऊन गेले.

सृष्टी भूमची. कळंबला मुलींसोबत खोली करून राहायची. वर्गात माझी एकच मैत्रीण. भूतबित म्हटलं की हसणारी. तिला मी तसलं काही सांगितलंच नाही. फक्त म्हटलं, चल, मॅडम भारी शिकवतात.

आम्ही दोघी पार्टिशनजवळच्या बाकावर बसलो.

बराच वेळ काही नाही.

मग खडू...

मग मॅडम. "दुकानाचं भाडं दिलं. भाडं हा खर्च. खर्च नेहमी..."

"नावे."

सृष्टी आधी हसून माझ्याकडं बघत होती. हळूहळू तिचं हसू गेलं. तिनं कान प्लायवूडला लावला.

"मुलं कुठंयत?" ती कुजबुजली.

"उत्तर देतात की."

"बाक वाजत नाही. कुणी खोकत नाही. पान उलटत नाही." ती थांबली. "आणि ही मुलं नाहीत. एकच जण आहे. नीट ऐक."

मी ऐकलं.

"व्याज मिळालं. उत्पन्न नेहमी..."

"जमा."

एकच आवाज होता. एका मुलीचा. इतके दिवस मला तो घोळक्याचा कसा वाटला, मला अजून कळलेलं नाही.

सृष्टीनं माझं मनगट धरलं. 

"शिवकन्या... हा तुझा आवाज आहे."

माझं तोंड बंद होतं. दातात पेनचं टोपण होतं.

पलीकडून पुन्हा आलं. "जमा." तो शेवटचा 'मा' मी जरा ओढून म्हणते, घरी सगळे चिडवतात त्यावरून. तसाच. अगदी तसाच.

मग पलीकडं सगळं शांत झालं.

खडू थांबला.

आणि मॅडम, त्याच शांत आवाजात, म्हणाल्या...

"मागं कोण बोलतंय?"

आम्ही दप्तरं तिथंच टाकून पळालो.

गेटवर उत्तरेश्वर मामा होते. कॉलेजचे शिपाई. आम्ही दोघी धापा टाकत होतो. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या खोलीत कोण तास घेणार? मोडकी बाकडी टाकल्यात तिथं. चला, दावतो."

कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना. मामांनी तेल आणून घातलं, तेव्हा उघडलं.

आत बाकडी छतापर्यंत रचलेली. माणूस उभं राहील एवढीही जागा नाही. जमिनीवर धुळीचा थर. त्यावर पाऊल नाही, उंदराचंसुद्धा.

समोर फळा.

सगळीकडं धूळ, जाळी... आणि फळा स्वच्छ. काळाभोर. मामा बाकड्यांवरून वाकून पुढं झाले आणि त्यांनी फळ्याला हात लावला.

हात मागं घेतला. बोटं एकमेकांवर घासली.

"ओला हाय," ते म्हणाले. 

दार लावल्यावर मी विचारलं, "मामा, इथं कुणी मॅडम... म्हणजे, वारल्या होत्या का कधी?"

"न्हाय, बाळ. बांधकाम झालं तवापासून मी हितं हाय. कुणी मेलं न्हाय. कुणी जिवाचं बरंवाईट केलं न्हाय. तसलं कायबी न्हाय हितं."

असतं तर बरं झालं असतं. निदान ती कोण, ते तरी कळलं असतं.

आमची दप्तरं मामांनीच आणून दिली. त्यानंतर आम्ही तिकडं गेलो नाही. मी स्टँडवर बसून अभ्यास करायचे. दिवाळी झाली. विद्यापीठाची परीक्षा आली.

अकाउंटचा पेपर. नंबर पुढच्या इमारतीत आले होते, म्हणून मला हायसं वाटलं होतं. सृष्टी शेजारच्या रांगेत, माझ्या थोडी पुढं. पहिला प्रश्न मला येत होता. लिहायला सुरुवात केली.

अर्धा पेपर झाला असेल.

मागच्या भिंतीतून आवाज आला...

खडूचा.

मी मान खाली घातली. सगळे लिहीत होते. सुपरवायझर दारात उभे होते. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"जे जातं ते..."

मॅडम थांबल्या.

यावेळी उत्तर आलं नाही.

"जे जातं ते..."

पुन्हा शांतता. तेव्हा मला कळलं. पलीकडं आता माझा आवाज नाही. त्या माझी वाट बघतायत.

पेन हलेना. हात जणू माझा नव्हता. आवाज भिंतीतून अलीकडं आला. मग मागच्या बाकाजवळ. मग माझ्या खांद्याच्या मागं. रागाचा अजिबात नव्हता. शिकवणाऱ्या माणसाचा असतो तसा, समजूत घालणारा.

"येतं तुला. म्हण. जे जातं ते..."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. ओठ उघडले होते. देवाशप्पथ, मी म्हणणारच होते.

सृष्टीनं वळून माझ्याकडं पाहिलं.

तिलाही ऐकू येत होतं. तिच्या डोळ्यांवरून कळलं मला. तिनं एकदा माझ्या अर्ध्यावर अडलेल्या पानाकडं पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडं. आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी म्हणाली...

"जमा."

"कोण बोललं?" सुपरवायझर आत आले. सृष्टी उभी राहिली. त्यांनी तिला दम दिला, बसायला सांगितलं.

माझा हात मोकळा झाला. मागं कुणी नव्हतं. मी पेपर पुरा केला.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, का बोललीस. ती म्हणाली, "तुझे ओठ निळे पडले होते. मला बघवेना." एवढंच. मग कॅन्टीनला जाऊन वडापाव खाऊ म्हणाली. आम्ही खाल्ला. ती हसत होती. मला वाटलं, संपलं.

निकालात तिला अकाउंटला कॉलेजमध्ये सगळ्यात जास्त मार्क. अभ्यासाच्या बाबतीत ती माझ्यासारखीच होती, काठावरची. पुढच्या सत्रात ती कॉलेजला आली नाही. भूमलाच राहिली. फोनवर विचारलं की म्हणायची, "घरी चांगला होतो अभ्यास."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके सकाळी तिच्या आईचा फोन आला. सिताबाई मावशींचा.

"सृष्टी तुमच्याकडं निघालीय गं. पोचली की सांग."

"मावशी, एवढ्या उन्हाची? एकटी?"

"एकटी कशाला? तुमच्या मॅडम हायत की संगं. म्हणून तर सोडलं."



"तुम्ही बघितलं मॅडमना?"

"न्हाय, त्या भायेरच थांबल्या म्हनं. घरात येत न्हाईत त्या, कुणी नेल्याबिगर."

अण्णा तिला फाट्यावरून मोटारसायकलवर घेऊन आले. ती एकटीच होती. माझ्या आईच्या पाया पडली. पाणी प्याली. वाळली होती, पण वागणं-बोलणं नेहमीचं. मग उठून तिनं सगळं घर पाहिलं. स्वयंपाकघर, मधली खोली, मागचं अंगण.

"तू अभ्यासाला कुठं बसतेस?"

मी खिडकीजवळची जागा दाखवली. ती तिथं गेली. भिंतीवर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

मी हळूच विचारलं, "मॅडम कुठंयत?"

"फाट्यावर थांबल्यात." आपण एखाद्या मावशीबद्दल बोलू तसं बोलली ती. "म्हणाल्या, तू आधी घर बघून ये."

मी तिला जेवायलाही थांब म्हटलं नाही. तीही थांबली नाही. अण्णा तिला सोडून आले. मी दारातच उभी होते.

"फाट्यावर कुणी होतं का, अण्णा?"

"कोण असनार ह्या उन्हाचं?" ते पायावर पाणी घेत होते. मग तांब्या हातातच धरून थांबले. "बसमधी चढताना ती पोरगी दारात बाजूला सरली बघ. आधी दुसऱ्याला चढू दिल्यागत. मला वाटलं मागं म्हातारी-बितारी हाय एखादी..."

"मग?"

"न्हवतं कुनी."

त्यानंतर सृष्टीचे फोन येतात. मी उचलत नाही. ज्या मुलीनं माझ्यासाठी तोंड उघडलं तिचा फोन मी उचलत नाही. ती काय विचारेल याची भीती वाटते. येऊ का, असं विचारेल.

आता माझं दुसरं वर्ष आहे. कंपनीची खाती आली आहेत अभ्यासाला. पुन्हा सगळं डोक्यावरून जातंय. परीक्षा जवळ आली आहे, आणि अण्णांनी परवा पुन्हा तेच विचारलं, झेपतंय का.

दुपारी घरात कुणी नसतं. मी खिडकीजवळ पुस्तक उघडून बसते. तेच पान पुन्हा पुन्हा वाचते. काही कळत नाही.

आणि कधीकधी वाटतं, कुणीतरी शांतपणे, सावकाश समजावून सांगावं...

कालच असं वाटलं. जरा जास्तच वेळ वाटलं. मग मी पुस्तक मिटलं आणि उन्हात जाऊन उभी राहिले.