मिखाएलच्या तराजूत

एकसष्ट सालचा नाताळ जवळ आला होता. पाद्रीबाबांनी वेदीसाठी सांगितलेलं क्रोशाचं कापड घेऊन मी बालाघाटच्या त्या जुन्या चर्चमध्ये शिरले, तर वरून निळ्या रंगाचा थेंब टपकन त्यावर पडला. शिडीवर एक तरुण उभा होता… हातात ब्रश, चेहऱ्यावर अपराधी हसू.

“आता काय करायचं याचं?” मी विचारलं.

“नवं विणा. इथंच बसून विणा… उजेड चांगला हाये.”

तो गुणाकर. पाट्या रंगवणारा, नदीपल्याडच्या गावचा. वेदीमागच्या भिंतीवरचं मिखाएल देवदूताचं चित्र उजळायला त्याला बोलावलं होतं. देवदूताच्या हाती तराजू; एका पारड्यात बोटाएवढा माणूस, दुसरं रिकामं. मेलेल्या माणसाला हा तोलतो, असं पाद्रीबाबांनी सांगितलं. मी रोज दुपारी जाऊ लागले. घरी सांगायचे, तिथे उजेड चांगला आहे.

चौथ्या दिवशी गुणाकर ब्रश न उचलता चित्राकडे बघत बसला होता. खूप विचारल्यावर म्हणाला, त्या बोटभर माणसाचा चेहरा आपोआप बदलतो. मागे तो पोस्टमन तेजरामचा झाला, आणि दोन दिवसांत तेजराम गेला. मला घाबरवून जवळ बसवायचा हा डाव, असं वाटून मी हसले. मग एका दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, ओल्या रंगातून आमच्या शेजारच्या दुर्गाबाई वर आल्या… नाक, नथ, कपाळावरचा गोंदणाचा ठिपका. दुसऱ्या सकाळी त्या झोपेतून उठल्याच नाहीत.

शनिवारी पारड्यात गुणाकर होता.

त्यानेही पाहिलं होतं. पण तो गावी निघाला होता, नदीच्या घाटावर डोंगा थांबला होता. “माय वाट पाहून राह्यली,” एवढंच बोलून तो रंगाचे डबे बंद करू लागला.

मी ब्रश उचलला, शिडी चढले आणि रिकाम्या पारड्यात एक चेहरा काढला. वेडावाकडा… पण वेणी माझी होती, कुंकू माझं होतं.

“काहून?” शिडीशी येत त्याने विचारलं.

“तुम्हाला एकट्याला तोलू देणार नाही मी.”

रिकाम्या चर्चमध्ये कुठेतरी साखळी करकरली. देवदूताचा तो रंगवलेला हात थरथरताना आम्ही दोघांनी पाहिला.

मीही त्याच्यासोबत डोंग्यात बसले. भरदुपारची वैनगंगा शांत होती. मध्यावर आलो, तेव्हा पाण्यावरून दोन पंखांची सावली सरकत आली. वर आकाश रिकामं होतं. गुणाकर बसला होता ते टोक, कुणी वजन टाकावं तसं, खाली जाऊ लागलं. नावाडी पुनाराम वल्हं सोडून रामनाम घेऊ लागला. मी दुसऱ्या टोकाला सरकले, डोंग्याची कड घट्ट धरली. अंग शिशासारखं जड झालं… आणि डोंगा हळूहळू सरळ झाला. सावली थोडा वेळ आमच्यावर थांबली, मग धारेबरोबर निघून गेली.

काठावर गुणाकरची आई, गोदाबाई, उभी होती. ही पोरगी कोणाची, तिने विचारलं. गुणाकर अजून डोंग्यातून उतरत होता. मग मीच बोलले.

“मी सुनीती. तहसिलीतल्या मुकुंदरावांची मुलगी. यांच्याशी लग्न करायचंय मला.”

गोदाबाईने लेकाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.

“मले विचारलं तरी काय तू?” तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला.

“आता विचारते.”

“हौ,” तो म्हणाला, आणि मायसमोरच त्याने माझा ओला हात हातात घेतला.